दोन खुर्च्यांचा वर्ग

"आई, हा फणस म्हणतोय! पण हे आंब्याचं पान आहे!"

सहा वर्षांची छोटी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर पान नाचवते आहे. सकाळचे साडेआठ वाजलेत. वाईतल्या या घराच्या माजघरात शाळा भरलीय, म्हणजे खिडकीपाशी एक टेबल, टेबलावर लॅपटॉप, पाटी, पानांची टोपली, आणि लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या. एकीवर छोटी गुडघे मुडपून बसलीय, दुसरीवर तिची आई. माझी ही मावसबहीण दोन्ही मुलांना घरीच शिकवते, हे नात्यात सगळ्यांना माहीत आहे. ते चालतं कसं, हे बघायला मी आलेय. बाहेर जानेवारीची थंडी आहे आणि कुठंतरी हळद शिजायला लागलीय. तो उग्र, मातकट वास खिडकीतून थेट टेबलापर्यंत येतो.

खेळ असा आहे. ब्राउझरमध्ये चालणारं एक मोफत साधन आहे. त्याला एका जातीच्या वस्तूंचे वीस-पंचवीस फोटो दाखवायचे, मग दुसऱ्या जातीच्या वस्तूंचे, आणि मग कुठलीही वस्तू समोर धरून विचारायचं, हे काय? काल संध्याकाळी छोटीनं आंब्याची पानं शिकवली, आज सकाळी फणसाची. फोटो या लॅपटॉपबाहेर जात नाहीत, हे आईनं आधी नीट तपासून घेतलंय. तरी कॅमेरा टेबलाकडे वाकवून ठेवलाय, छोटीचा चेहरा त्यात येत नाही.

आता आंब्याचं लांबट, टोकदार पान समोर आहे आणि पडद्यावरची पट्टी फणसाकडे जवळजवळ पूर्ण भरलीय.

"येडंच आहे," छोटी निकाल देते.

"पान तेच आहे ना? मग कालच्यात आणि आजच्यात बदललं काय?" आई एवढंच विचारते आणि गप्प बसते. ही गप्प बसण्याची वेळ मला फार लांब वाटते. माझी जीभ शिवशिवते, कारण मला उत्तर दिसलेलं आहे. छोटी पान उलटं करून बघते. देठाकडून धरते. मग वैतागून पान खाली ठेवते, आणि कॅमेऱ्यासमोर नुसतं रिकामं टेबल उरतं.

पट्टी हलत नाही. फणस.

"काहीच नाहीये, तरी फणस!" ती किंचाळते. मग थांबते. मग टेबलावर हात फिरवते. "आई, काल आपण पंचा अंथरला होता."

आंब्याचे सगळे फोटो आजोबांच्या पांढऱ्या पंचावर काढलेले, फणसाचे उघड्या तपकिरी लाकडावर. यंत्र पानं शिकलंच नव्हतं. ते पंचा आणि टेबल शिकलं होतं. आई शाबासकी वगैरे देत नाही, फक्त म्हणते, "मग आता काय करूया?" छोटी पंचा आणायला आत पळते. दोन्ही पानं दोन्हीकडे ठेवून पुन्हा फोटो काढायला तिला पाऊण तास लागतो. त्यातली दहा मिनिटं तर पंचाचं पांघरूण करून लपण्यात जातात.

मी म्हणते, "हे तू सांगितलं असतंस तर दोन मिनिटांत झालं असतं."

"झालं असतं ना, ताई. पण मग ते माझं झालं असतं."

भिंतीवर कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीवर स्केचपेननं नियम लिहिलेत. अक्षर नऊ वर्षांच्या दादाचं, म्हणून ओळी उजवीकडे उतरत गेल्यात. यंत्रापुढं एकट्यानं बसायचं नाही. आपलं नाव, गाव, फोटो, आवाज द्यायचा नाही. आधी आपलं उत्तर वहीत, मग यंत्राला प्रश्न. यंत्रानं सांगितलेलं दुसरीकडे बघितल्याशिवाय खरं धरायचं नाही. शेवटचा नियम छोटीनं घालायला लावलाय: जेवताना यंत्र नाही, आईलापण नाही.

या घरात चॅटबॉटचं खातं आईच्या नावावर आहे आणि टंकतेही तीच, मुलं सांगतात. युनेस्कोनं २०२३ साली शाळांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात अशा साधनांशी मुलांनी स्वतंत्रपणे बोलण्यासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलंय. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा तर १८ च्या आतल्या प्रत्येकाला मूलच मानतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. नऊ आणि सहा वर्षांच्या पोरांबाबत प्रश्नच मिटला. तरी ओळखीच्या घरांमधून याच वयाची मुलं मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेली मी बघते, आणि "काहीतरी शिकतोय" असं कौतुकानं सांगणारे आईबापही.

आजी चहा घेऊन येतात. सूनबाईच्या शाळेवर त्यांचा विश्वास बसलाय असं म्हणता येणार नाही. "आता पुढं काय, १७ नंबरचा फॉर्म भरायचा का ह्या पोरांनी?" त्या मला विचारतात, जणू मी बोर्डातून आलेय.

"आई, तो दहावीला. अजून सहा वर्षं आहेत," सून म्हणते.

आजींचा प्रश्न मात्र खरा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं. न घातल्यास पालकाला शिक्षा काय, ते सांगितलं नाही. घरी शिकवण्याचं नावही त्यात नाही. त्या फटीत ही घरं राहतात. बहिणीचा बेत राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची पाचवीच्या तोडीची परीक्षा देण्याचा आहे. तोवर क्रमिक पुस्तकं बालभारतीचीच. ती म्हणते, "शाळेवर राग नाही गं माझा. ह्यांच्या बदल्यांत तीन वर्षांत तीन शाळा झाल्या, त्यात दादा बोलायचाच बंद झाला होता." यातले 'हे' म्हणजे मुलांचे बाबा सध्या शिरवळच्या कारखान्यात आहेत आणि पहिल्या पाळीला पहाटेच गेलेत.

दहा वाजता दादाचा ऑनलाइन वाचनवर्ग. पडद्यावर पाच चौकोन. शिकवणाऱ्या बाई रत्नागिरीच्या, एक मुलगी मडगावची, दोघं भाऊ बंगळुरूचे, आणि दुबईचा एक मुलगा, ज्याच्याकडे अजून साडेआठच वाजलेत आणि जो तोंडात पोळी कोंबून हजेरी देतो. यात यंत्राची हुशारी काही नाही, नुसती माणसं आहेत. बाई एक गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुढं काय होईल ते विचारतात. बंगळुरूचे भाऊ एकाच वेळी बोलतात, मडगावची मुलगी म्यूटवर बोलते आणि दुबईकर पोळी संपवतो. दादा हात वर करून थांबलाय. त्याची पाळी येते तेव्हा तो एकच वाक्य बोलतो, पण ते ऐकून मडगावची मुलगी मोठ्यानं हसते, आणि दादाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. वर्ग संपल्यावरही तो थोडा वेळ निळ्या पडद्याकडे बघत राहतो. पाच चौकोनांची सोबत ही सोबत आहेच. पुरेशी आहे का, याची खात्री मला नाही, आणि बहिणीला असावी असंही वाटत नाही. म्हणून तर संध्याकाळी पाचनंतर गल्लीतल्या क्रिकेटला ती कधी नाही म्हणत नाही.

अकरा वाजता परिसर अभ्यास. चौथीचं 'शिवछत्रपती' पुस्तक दादाचं तोंडपाठ आहे; अफजलखान वाईचा सुभेदार होता, या गोष्टीचा त्याला घरच्यासारखा अभिमान आहे. आजचा प्रश्न त्याचाच: मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा कुणी आणली?

आधी वही. तो पेन्सिल चावून लिहितो, "पेशव्यांनी (बहुतेक)." मग आई टंकते.

उत्तर झरझर उतरतं, छान मराठीत. मेणवलीची घंटा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या निमित्तानं कृष्णाकाठी अर्पण केली, ती पंचधातूची आहे आणि तिचा नाद दूरवर ऐकू जातो. शेवटी, आणखी माहिती हवी आहे का, अशी अदबीनं विचारणा.

दादा वहीतलं 'पेशव्यांनी' खोडायला रबर उचलतो.

"थांब," आई म्हणते. "घंटा कुठे पळून गेलीय का?"

रिक्षानं मेणवली तीनेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच काढलेल्या हळदीचं उघडं रान. नाना फडणिसांच्या वाड्यामागून खाली उतरलं की कृष्णा, आणि तिला कवेत घेतल्यासारखा वाकलेला दगडी घाट. मेणेश्वराच्या देवळाशेजारी एका छोट्या दगडी कोनाड्यासारख्या देवळीत घंटा टांगलीय. आत येताना दोन पर्यटक एकमेकांना 'स्वदेस' इथंच चित्रित झाला म्हणून सांगताहेत. खालच्या पायरीवर बायका धुणं आपटताहेत. दादा आवाजाकडे लक्ष न देता मान वर करून घंटेभोवती फिरतो.

"इथं बाई आहे! कडेवर बाळ."

"यशोदा," छोटी म्हणते, तिला शंकाच नाही.

दादा बघत राहतो. "यशोदा नाही. नाताळच्या चित्रात असते ती." बाळ येशूला घेतलेली मेरी. देवळात येशूची आई काय करतेय, हा प्रश्न दोघांच्याही चेहऱ्यावर एकदमच उमटतो. घंटेचं साल १७०७. दादा वहीत आकडे एकाखाली एक मांडतो. महाराजांचा राज्याभिषेक १६७४. वजाबाकी करतो. तेहतीस.

"घंटा बनायच्या तेहतीस वर्षं आधी महाराजांनी ती कशी दिली?" आणि मग, जरा जोरात, "महाराज तर १६८० ला गेले!"

धुणं धुणारी एक बाई वर बघते.

आता आई सांगते. पायरीवर बसून, बोटानं धुळीत किनारा काढून. वसईचा किल्ला, पोर्तुगीज, चिमाजी आप्पा, १७३९. विजयाची निशाणी म्हणून चर्चच्या घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशीच घंटा आहे, भीमाशंकरलाही आहे. ही नाना फडणिसांच्या गावी आली. दादाचं 'पेशव्यांनी (बहुतेक)' चुकलेलं नव्हतं म्हणायचं. चिमाजी आप्पा पहिल्या बाजीरावाचा धाकटा भाऊ. पण त्याचा आनंद दादाला नाही, तो पुढं गेलाय.

"मग नानांनी कधी आणली? नाना वसईला होते?"

नानांचा जन्म कधीचा, हे बहिणीला आठवत नाही. ती सरळ म्हणते, "मला माहीत नाही. घरी जाऊन बघू." छोटी तोवर घंटा वाजवायला हात पुरतो का ते बघते आहे. पुरत नाही. मी तिला उचलते.

घरी आल्यावर यंत्राला विचारायचं नाही, असं ठरतं. नेटवर मराठी विश्वकोश उघडला जातो. नाना फडणीस, जन्म १७४२. म्हणजे वसई पडली तेव्हा नाना जन्मलेही नव्हते. मग मधली वर्षं घंटा कुठं होती? कुणाकडून नानांकडे आली? दादाच्या वहीचं शेवटचं पान 'सापडलं नाही' या मथळ्याचं आहे. त्यावर आणखी एक ओळ चढते. विश्वकोशाचं कार्यालय याच गावात गंगापुरीत आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथं बसून खंड करून घेत, हे आई सांगते तेव्हा तो विचारतो, "म्हणजे जाऊन विचारता येतं?" चॅटबॉटच्या बाबतीत हा प्रश्न कुणाला सुचत नाही.

जेवणं होतात. नियमाप्रमाणे यंत्राशिवाय.

दुपारी आई जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या करते आणि एक खेळ मांडते. वाक्य अर्धं वाचायचं, पुढचा शब्द ज्यानं त्यानं चिठ्ठीवर लिहायचा. "सकाळी उठून आजी चहा..." तिघांच्याही चिठ्ठीवर 'पिते', फक्त आजी म्हणतात, "करते. प्यायला मिळतो कुठं गरम!" मग आणखी दोन-तीन वाक्यं. मग आई सहज म्हणते, "साताऱ्याकडच्या देवळात ही घंटा... यांनी दिली."

"शिवाजी महाराजांनी!" छोटी चिठ्ठीची वाटही बघत नाही.

"का गं?"

"सगळं त्यांनीच तर केलंय."

दादा एकदम ताठ बसतो. "यंत्रानं हेच केलं!"

चॅटबॉट कसा चालतो हे याहून सोपं करून मला सांगता आलं नसतं. त्यानं ढीगभर लिहिलेलं वाचलंय. वाई, कृष्णाकाठ, देऊळ असं काही आलं की पुढं कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, हे तो अजमावतो आणि एकामागून एक शब्द ठेवत जातो. त्यात बरेचदा खरं निघतं, कारण खरं पुष्कळ जणांनी लिहिलेलं असतं. पण घाटावर जाऊन मान वर करण्याची सोय त्याच्याकडे नाही. खात्री असो नसो, सूर तोच. छोटीचा सूर तरी 'सगळं त्यांनीच केलंय' म्हणताना पकडता येतो.

"त्याला सांगूया तो चुकला," दादा म्हणतो. आई टंकते: घंटा १७०७ ची आहे, तिच्यावर मेरी आहे, तुझं उत्तर चूक आहे. लगेच उत्तर: आपण अगदी बरोबर आहात, चुकीबद्दल क्षमस्व, ही घंटा वसईच्या मोहिमेतून आली. दादा खूश. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकतं. "आई, आता लिही, की पण आमचे सर म्हणतात ती पानिपताहून आणली."

आई माझ्याकडे बघते, लिहिते.

आपल्या सरांचं म्हणणंही योग्य आहे, यंत्र उत्तरतं, आणि पानिपताहून परतलेल्या सरदारांची एक लहानशी गोष्ट रचून देतं.

दादा खुर्चीतून खाली घरंगळतो, इतका हसतो. छोटीला कळत नाही, तरी ती त्याच्यावर पडून हसते. आजी दारातून वाकून वाचतात. "आमच्या आधीच्या सरपंचासारखं हाय की हे," त्या म्हणतात. "समोर जो उभा राहील त्याला हो."

प्रत्येक यंत्र प्रत्येक वेळी असं मान डोलावतं असं नाही. काही ठामपणे अडवतातही. पण समोरच्याला राजी ठेवण्याकडे या साधनांचा कल असतो हे माहितीतलं आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते आज स्वतःच्या युक्तीनं सापडलंय. आता त्याला भिंतीवर नवा नियम हवा आहे. बराच खल होऊन तो लिहितो: "ते हो म्हणालं तर जास्त तपासायचं."

मुलं आजीबरोबर अंगणात गेल्यावर बहीण त्याच लॅपटॉपवर स्वतःचं काम उघडते. ती पुस्तकांसाठी चित्रं काढते; दुपारी तीन ते पाच, आणि मग रात्री मुलं झोपल्यावर. रात्रीच ती यंत्राकडून दुसऱ्या दिवसाची गणितं करून घेते, हळदीच्या पोत्यांची, स्ट्रॉबेरीच्या पेट्यांची, म्हणजे मुलांना ओळखीची वाटतील अशी. प्रत्येक गणित आधी स्वतः सोडवून बघते. परवा एका गणितात शेतकऱ्यानं होत्या त्यापेक्षा जास्त पेट्या विकल्या होत्या.

"म्हणजे वेळ वाचला का तुझा?" मी विचारते.

"उत्तरं तपासण्यात जातो तो. आणि शेजारी बसण्यात." ती चित्रातल्या एका बैलाला शिंग काढते आहे. "सगळे मला विचारतात कुठलं ॲप वापरतेस. किती तास बसतेस ते कुणी विचारत नाही."

हे मला जास्त खटकतं आणि मी ते खटकू देते. या घरात एका पगारावर भागतं, आजी खंबीर आहेत, आई चार बुकं शिकलेली आहे आणि घरून काम करू शकते. यातलं एक काढलं तर दुसरी खुर्ची रिकामी होते. आणि रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेल्या मुलाला यंत्रानं सांगितलेली १६७४ ची घंटा जन्मभर पुरेल. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साधनांच्या जाहिरातींत मात्र मूल एकटंच असतं, हसतमुख, कानाला हेडफोन लावून. आईला मोकळीक, असं वर लिहिलेलं.

पाच वाजतात. गल्लीतून हाका. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं दप्तरं टाकून आलीत, स्टंप म्हणून विटा रचताहेत. दादा बॅट घेऊन पळतो आणि मी कठड्यावर बसते. खेळ सुरू व्हायच्या आधी एक दांडगट मुलगा त्याला बाजूला घेतो.

"तुमच्याकडं ते उत्तरं देणारं हाय ना? माझा उद्याचा निबंध करून दे की. माझी सहल."

"देईल ते," दादा म्हणतो. "पण तू सहलीला नसलास तरी नेईल."

"कुठं?"

"पानिपतला पण नेईल."

दांडगट जरा विचार करतो. पानिपत त्याला वाईट वाटत नाही. "चालंल. बॉलिंग कुणाची?"